गाडीची उंची कोण ठरवतं? शॉकअप बदलण्याआधी विचारायचे प्रश्न

(सामुदायिक रेडिओवरील ‘घर-दार-गाडी’ या कार्यक्रमातील बोलणे, शब्दांकन करून)

आम्ही दोघी जावा-जावा. मागच्या वेळी आम्ही स्टेपनी कशी बदलायची ते सांगितलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी स्टुडिओत फोन करून एकच गोष्ट विचारली. ‘जुनी गाडी घेतली, दिसायला छान आहे, पण प्रत्येक गतिरोधकाला खाली घासते. शॉकअप बदलले तर वर येईल का?’

हा प्रश्न ऐकून आम्ही एकमेकींकडे बघून हसलोच. कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आम्ही विचारला होता, आणि त्याचं चुकीचं उत्तर आम्हाला 6,800 रुपयांना पडलं. तर आज तेच सांगतो. वही-पेन जवळ असेल तर घ्या. पोळ्या करता करता ऐकत असाल तरी चालेल, शेवटी पुन्हा थोडक्यात सांगू.

आमच्या गाडीची गोष्ट

आमच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला साताऱ्याला न्यावं लागतं. एसटीने जाताना ठीक जायचं, पण येताना त्यांच्या अंगात त्राण नसायचं. म्हणून दोघींनी भिशीचे पैसे आणि थोडं सोनं मोडून पुण्याहून एक जुनी छोटी गाडी घेतली. लाल रंग, रुंद टायर, काळ्या काचा. काचांची फिल्म पहिल्याच आठवड्यात काढून टाकली. गाडी जमिनीलगत बसलेली होती. विकणारा मुलगा म्हणाला, “ताई, लूक बघा ना!” आम्ही लूक बघितला. खाली वाकून मात्र बघितलं नाही.

पहिल्या फेरीतच कळलं. दहिवडी सोडलं आणि एका गतिरोधकावर खालून असा आवाज आला की सासूबाईंनी डोळेच मिटले. खड्ड्यातून जाताना गाडी दणकन आपटायची आणि तो हादरा थेट मागच्या सीटवर त्यांच्या पाठीत. परत येताना त्या म्हणाल्या, “पोरींनो, सुई टोचते ते सोसतं गं, पण हा रस्ता नाही सोसत.”

गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी गाडी दोन-तीनदा दाबून पाहिली. “वहिनी, शॉकअप गेलेत. चारही बदला.” बदलले. मजुरीसकट 9,600 रुपये झाले. गाडी थोडी शांत झाली, पण उंची जशीच्या तशी. चार महिन्यांत पुढचा उजवा शॉकअप तेलाने ओला झाला आणि गाडी पुन्हा आपटायला लागली.

त्या मिस्त्रींना आम्ही वाईट म्हणणार नाही. पण चाकावरचा सांगाडा उघडल्यावर खरा दोष त्यांना दिसलाच असणार. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. काय विचारायचं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

पाळणा आणि पाण्याचा हौद

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही.

पाळण्याला एक झोका दिला तर तो किती वेळ हलत राहतो? स्प्रिंगचं तसंच आहे. खड्ड्यात दबली की वर येते, पुन्हा खाली जाते, पुन्हा वर येते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर ती होडीसारखी डुलत राहील, आणि वर उसळताना टायरची जमिनीवरची पकड सुटेल. पकड सुटली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही गेले.

ही उसळी थांबवतो तो शॉकअप. हौदात हात घालून बघा. हळू हलवला तर पाणी वाट देतं, जोरात हलवला तर अडवतं. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि त्या तेलात बारीक भोकं असलेला दट्ट्या वरखाली होतो. गाडी हळू दबली तर तेल भोकांतून सहज जातं, झटक्यात दबली तर अडतं. उसळीतली ताकद अशी तेलात उष्णता होऊन विरते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो. तेलाला फेस येऊ नये म्हणून आजच्या बहुतेक शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजनही भरलेला असतो.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. आपल्या नेहमीच्या छोट्या गाड्यांत उंची ठरवते ती स्प्रिंग. शॉकअप कितीही महागाचा घेतला तरी खाली बसलेली गाडी वर येणार नाही.

आणखी एक. छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले असतात. अमेरिकेतल्या अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरच्या नावाने तो खांब ओळखला जातो. मागे बहुतेक वेळा स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. म्हणून मागचे शॉकअप बदलणं सोपं आणि पुढचं काम मोठं.

गाडी खाली बसवतात कशी?

शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी जमिनीलगत असेल तर वळणावर कमी कलते, हे खरं आहे. त्याची नक्कल म्हणून आणि दिसायला म्हणूनही हौशी मुलं गाडी खाली घेतात. त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली, बाजारात मिळणाऱ्या आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवणं. दुसरी, आटे पाडलेला शॉकअपचा खांब, ज्यावर स्प्रिंगची बैठक फिरवून उंची कमी-जास्त करता येते. याला कॉइलओव्हर म्हणतात आणि तो बराच महाग असतो. तिसरी तऱ्हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. मूळ स्प्रिंगच ग्राइंडरने एक-दोन वेढे कापून आखूड करायची. काही जण तर गॅसच्या आचेने तापवून ती खाली बसवतात. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेलं असतं, ते त्या आचेने उतरतं. अशी स्प्रिंग पुढे कधी बसेल किंवा तुटेल, सांगता येत नाही.

आमच्या गाडीत तिसरी तऱ्हा होती. ती शोधून दिली फलटणच्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी शेजारी उभी असलेली त्याच मॉडेलची दुसरी गाडी मोजली. चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. मग आमची मोजली. आमची पुढून 55 मिलिमीटर कमी भरली. मग त्यांनी गाडी जॅकवर उचलून चाक लटकू दिलं आणि आम्हाला म्हणाले, “ताई, आता ही स्प्रिंग हाताने फिरवून बघा.” ती फिरली! धडधाकट स्प्रिंग चाक लटकत असतानाही आपल्या बैठकीत दाबून बसलेली असते. आमची सैल खुळखुळत होती. टोकाला ग्राइंडरची कापलेली धार होती आणि तिथे रंगही नव्हता.

काका म्हणाले, “मोठ्या खड्ड्यात चाक असंच लटकतं. तेव्हा ही स्प्रिंग बैठकीतून सरकली तर?” आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या सासूबाई आल्या.

नवे शॉकअप चार महिन्यांत का गेले?

हा हिशेब काकांनी खडूने फरशीवर मांडून दाखवला. समजा, मूळ गाडीत चाकाला वर जायला 80 मिलिमीटर मोकळी जागा आहे, त्यानंतर रबराचा बंपस्टॉप लागतो. गाडी 55 मिलिमीटर खाली बसवली की त्या 80 पैकी उरले 25. त्यात चार माणसं आणि सामान. मग प्रत्येक खड्ड्याला शॉकअप रबरावर आपटणारच. आपण ज्याला ‘शॉकअप कडक झालाय’ म्हणतो, ते पुष्कळदा हे रबरावर आपटणं असतं.

दुसरं कारण असं, की स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती कडक होते. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची केली तर ती साधारण एक पंचमांशाने कडक होते. कडक स्प्रिंग जास्त जोराने वर उसळते. मूळ शॉकअपमधली भोकं मूळ स्प्रिंगच्या जोराच्या हिशेबाने पाडलेली असतात, त्यामुळे हा वाढीव जोर त्याला आवरत नाही. सतत आपटणं, सतत जास्त काम आणि तापलेलं तेल. मग वरचं सील फाटतं आणि तेल गळू लागतं. म्हणजे आमच्या शॉकअपमध्ये दोष नव्हताच. ज्या स्प्रिंगशी त्याची गाठ मारली, ती जोडी चुकीची होती.

विकत घेण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, आपला रस्ता कसा आहे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरेल असा. आपल्याकडे गावागावांत घातलेले गतिरोधक कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. हातभर रुंद आणि वीतभर उंच! त्यात उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. आमच्या मॉडेलची मूळ उंची रिकाम्या गाडीला 170 मिलिमीटर. त्यातले 55 गेले की उरले 115. माणसं बसली की आणखी कमी. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर एकदा फुटला की शॉकअपच्या दसपट खर्च दारात उभा राहतो.

दुसरा प्रश्न, गाडीत वजन किती आणि कुठे असतं? मागे सीएनजीची टाकी असेल तर तिचंच वजन एका माणसाएवढं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, म्हणून एकाच मॉडेलच्या डिझेल आणि पेट्रोल गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा पुष्कळदा वेगळ्या असतात. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

तिसरा प्रश्न, कागदपत्रं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आता कायद्यात आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही हा मुद्दा काढू शकते. बदल आधीच्या मालकाने केला असला तरी आज आरसी बुकावर आपलं नाव आहे, हे विसरू नका.

मग पर्याय कोणते?

एक, गाडी मूळ उंचीवर परत आणणं. चारही मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि मूळ मापाचे शॉकअप. आपल्या रस्त्यांसाठी आणि घरच्या माणसांसाठी आमचा कौल यालाच. सुटे भाग सहज मिळतात, कोणीही मिस्त्री बसवू शकतो आणि कागदपत्रांचीही कटकट राहत नाही.

दोन, तुमच्या घरी हौशी मुलगा किंवा दीर असेल आणि तो गाडी खालीच ठेवणार म्हणत असेल, तर आधी त्याला कलम 52 वाचायला द्या. तरीही त्याने एवढं समजून घ्यायला हवं, की आखूड स्प्रिंगला तिच्याच जोडीचा शॉकअप लागतो. परदेशी कंपन्या तसे वेगळे बनवतात. उदाहरणार्थ, जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीचा बी-6 हा शॉकअप मूळ उंचीच्या गाडीसाठी असतो, तर बी-8 हा मुद्दाम आखूड केलेला, खाली घेतलेल्या गाडीसाठी. दिसायला भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बंपस्टॉपही त्याच जोडीतला घ्यावा लागतो. आणि कापलेल्या स्प्रिंगच्या जोडीचा शॉकअप कोणतीच कंपनी बनवत नाही, कारण ती किती कापली आहे ते कापणाऱ्यालाच ठाऊक!

तीन, काही दुकानदार स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर दाखवतात. “लावा आणि गाडी वर घ्या.” थोडी उंची मिळते हे खरं. पण ज्या वेढ्यांत रबर अडकवलं ते वेढे दबतच नाहीत, सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. आधीच कापलेल्या स्प्रिंगमध्ये तर हा उपाय करूच नका. फाटक्या लुगड्याला नवं ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेला पुन्हा फाटतं, तसंच हे.

दुकानात जाताना

आरसी बुकाची झेरॉक्स बरोबर न्या. चेसिस नंबर, गाडीचं साल, पेट्रोल की डिझेल की सीएनजी, हे सगळं त्यात असतं. दुकानदाराला भागाचा नंबर काढून द्यायला सांगा आणि खोक्यावरच्या नंबराशी जुळवून घ्या. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात. ते शोभेचे नाहीत, कोणती स्प्रिंग किती भाराची याची ती खूण असते. डाव्या-उजव्याचे ठिपके जुळतात का ते बघा. पुढचे शॉकअप डावे-उजवे वेगळे असतात, तेही तपासा.

शॉकअप नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. आपल्याच महाराष्ट्रात चाकण आणि नाशिकला गॅब्रिएलचे कारखाने आहेत, गाडीच्या कंपनीचे स्वतःचे भागही मिळतात. पण नावाजलेल्या मालाचीच नक्कल होते, म्हणून पक्कं बिल मागा. “बिलाशिवाय दोनशे कमी करतो,” असं कोणी म्हणालं की समजा, पुढे गळती झाली तर तो दुकानदार आपल्याला ओळखणार नाही.

जुन्या बाजारातला शॉकअप घेऊ नका. बाहेरून पुसून चकचकीत केलेला शॉकअप आतून किती झिजला आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

आणि शॉकअप कधी एकटा घेऊ नका. डावा गेला तर उजवाही बदलायचा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी कशी वागेल याचा भरवसा नाही. बैलजोडीत एक तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर गाडा ओढला जातो का सरळ?

पुढचा खांब उघडलाच आहे तर त्याच वेळी बघायचे छोटे भाग हे: वरचं रबरी माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग, बंपस्टॉप, धुळीपासून वाचवणारं रबरी बूट, लिंक रॉड, आणि लोअर आर्मचे बुश व बॉल जॉइंट. यातले थकलेले तेव्हाच बदला. मजुरी एकदाच पडते.

बसवताना उभं राहून बघा

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. पुढच्या खांबात स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती आवळून धरणारं साधन, स्प्रिंग कंप्रेसर, न लावता वरचा नट कोणी खोलला तर स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हात, जबडा, जीव, काहीही जाऊ शकतं. घरच्या मुलांना व्हिडिओ बघून हे करू देऊ नका. गॅरेजमध्येही कोणी दोरीने किंवा तारेने बांधून काम करत असेल तर गाडी तिथून काढून घ्या. हे साधन तुमच्याकडे आहे का, असं आधीच विचारायला लाजायचं नाही.

दुसरं म्हणजे बुशचे बोल्ट. गाडी हवेत असताना चाक खाली लटकलेलं असतं. त्याच स्थितीत रबरी बुशचा बोल्ट करकचून आवळला तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून हे बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मग शेवटचं आवळायचं. उंची बदलली असेल तर हे आणखी गरजेचं. आमच्या काकांनी तर जुने बुशही सैल करून, गाडी खाली उतरवून पुन्हा आवळले.

तिसरं, दोन नळ्यांचा साधा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. खोक्यात आडवा पडून आत चुकीच्या जागी गेलेली हवा त्याने जागेवर जाते. हे न केल्यास नवा शॉकअपही सुरुवातीला खडखडतो आणि आपण दुकानदाराशी भांडायला जातो.

काम झाल्यावर

व्हील अलाइनमेंट करायलाच हवं. गाडी खाली बसली की पुढची चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि टायरची आतली कड झिजते. आमचे टायर बाहेरून नवेकोरे दिसत होते. आतून हात फिरवला तर कड गुळगुळीत, एका जागी तर तारा दिसायला लागल्या होत्या. जुनी गाडी घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली कड हाताने चाचपा. खोटं बोलायला तिला येत नाही.

हेडलाइटचा झोतही तपासा. पुढची-मागची उंची बदलली की झोत बदलतो, आणि समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो.

काही गाड्यांना मागच्या ॲक्सलजवळ एक दांडी असते. गाडी किती दबली आहे यावरून ती मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवते. गाडी खाली बसवली की त्या दांडीला वाटतं, गाडी भरलेली आहे. मग रिकाम्या गाडीतही मागचे ब्रेक जास्त लागून चाकं घसरू शकतात. तुमच्या गाडीला ही दांडी असेल तर उंची बदलल्यावर तिचं माप नीट करून घ्या. मिस्त्रींना आठवण तुम्हीच करा.

शेवटी एक साधी युक्ती. वायर बांधायची प्लॅस्टिकची बारीक पट्टी मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर हलकेच बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने चार माणसं बसवून जाऊन या. दांडा आत जाताना पट्टी सरकत जाते. परत आल्यावर ती बंपस्टॉपपर्यंत पोहोचलेली असेल तर गाडी अजून आपटते आहे. मध्येच थांबली असेल तर जागा शिल्लक आहे. यंत्र नको, मिस्त्री नको, एका रुपयाची पट्टी खरं सांगते. बघून झाल्यावर ती कापून टाका.

आणि शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर नटबोल्ट एकदा तपासून घ्या. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलसरपणा आणि धूळ असेल तर घाबरू नका. ओघळ दिसला तरच तो गळतोय समजायचं.

आमचा हिशेब

दुसऱ्या वेळी आमचे 16,000 रुपये गेले. त्यात चार स्प्रिंगा, पुढचे दोन शॉकअप, माउंटिंग, बंपस्टॉप, बूट, लिंक रॉड, मजुरी आणि अलाइनमेंट आलं. मागचे शॉकअप कोरडे होते, ते काकांनी ठेवायला सांगितलं. पहिले 9,600 धरून एकूण 25,600. हेच सगळं एकदम केलं असतं तर 18,800 मध्ये भागलं असतं. फरक 6,800 चा. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण क्रम तोच.

काम झाल्यावर पहिल्या फेरीला आम्ही दोघी गतिरोधक आला की श्वास धरायचो. साताऱ्याहून येताना थोरलीने आरशात बघितलं तर सासूबाई मान टेकवून झोपलेल्या. घरी आल्यावर आम्ही उठवलं तर म्हणाल्या, “आलं पण घर?” मैत्रिणींनो, त्या गाडीत त्या पहिल्यांदाच झोपल्या होत्या.

तर आता थोडक्यात, ज्यांनी उशिरा रेडिओ लावला त्यांच्यासाठी. उंची स्प्रिंग ठरवते, उसळी शॉकअप थांबवतो. आधी टेपने मोजा, त्याच मॉडेलच्या गाडीशी ताडून बघा. चाक लटकवून स्प्रिंग हाताने फिरते का बघा. कापलेली स्प्रिंग सापडली तर नवे शॉकअप घेण्याआधी ती काढा. भाग नेहमी जोडीने, नंबर जुळवून, पक्क्या बिलावर घ्या. कंप्रेसरशिवाय खांब खोलू देऊ नका. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळा. अलाइनमेंट विसरू नका.

आणि मिस्त्री जेव्हा म्हणतील, “वहिनी, शॉकअप गेलेत,” तेव्हा शांतपणे एकच विचारा: “दादा, स्प्रिंग बघितली का?”

पुढच्या वेळी टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते सांगू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा, पट्टा लावा. नमस्कार.